पॅलेडियम: सोहोच्या दुकानात निनावी विकला गेलेला धातू

रसशाळा (धागाकर्ती)

इथे मूलद्रव्यांच्या शोधांचा विषय निघाला की डेव्ही आणि क्युरी ही नावं हमखास येतात, पाठोपाठ मेंडेलीव्ह येतो. विल्यम हाइड वोलॅस्टन मात्र कुणाच्याच तोंडी नसतो. मी बारावीला रसायनशास्त्र शिकवते. रोझेनमुंड अभिक्रिया आली की बेरियम सल्फेटवर बसवलेलं पॅलेडियम फळ्यावर लिहायचं आणि पुढे जायचं, हे वर्षानुवर्षं चालत आलंय. ते पॅलेडियम जगापुढे कसं आलं, ही हकिकत मात्र मला रसायनशास्त्राच्या सगळ्या इतिहासात सर्वांत विलक्षण वाटते. म्हणून हा धागा.

वोलॅस्टन मूळचा डॉक्टर. जन्म ६ ऑगस्ट १७६६, इंग्लंडच्या नॉरफक परगण्यातलं ईस्ट डेरेहॅम. वडील धर्मोपदेशक, शिवाय खगोलशास्त्राचा नाद. घरात भावंडांचा गोतावळा. केंब्रिजला शिकून त्याने आधी गावाकडे आणि १७९७ पासून लंडनमध्ये वैद्यकी केली. हुशारीत कमी नव्हता, पण रोग्यांची काळजी त्याला सोसवेना. रात्रंदिवस तोच घोर. १८०० साली त्याने वैद्यकी कायमची सोडली आणि रसायनशास्त्रावर पोट भरायचं ठरवलं. त्या काळात हे शास्त्र एकतर श्रीमंतांच्या हौसेचं होतं, नाहीतर औषधवाल्यांच्या धंद्याचं. रीतसर पगाराच्या जागा जवळपास नव्हत्याच.

त्याला भागीदार मिळाला केंब्रिजचा मित्र स्मिथसन टेनंट. हिरा म्हणजे शुद्ध कार्बन, हे १७९७ साली दाखवून देणारा तोच हा. दोघांची नजर प्लॅटिनमवर होती. धातू जुना माहीतला, पण कामाचा करता येत नव्हता. भट्टीत वितळत नाही, आणि अशुद्ध असेल तर हातोड्याखाली भुगा होतो. जो कुणी तो शुद्ध आणि ठोकून वाकवता येण्याजोगा करील त्याला घबाड मिळणार, हे उघड होतं. १८०० च्या नाताळच्या आदल्या दिवशी दोघांनी ७९५ पौंड मोजून ५,९५९ औंस कच्चं प्लॅटिना (प्लॅटिनमचं खनिज) विकत घेतलं. हा माल आजच्या कोलंबियातून, स्पॅनिश सरकारची नजर चुकवून, जमैकामार्गे चोरट्या वाटेने आलेला. आजच्या मापाने पावणेदोनशे किलोच्या पुढे!

पुढच्या वर्षी वोलॅस्टनने बकिंगहॅम स्ट्रीटवर घर घेतलं आणि मागच्या बाजूला प्रयोगशाळा थाटली. कामाची रीत अशी: प्लॅटिना अम्लराजात (नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांच्या मिश्रणात) विरघळवायचं, द्रावणात नवसागर (अमोनियम क्लोराइड) घालायचा. प्लॅटिनमचा पिवळा साका खाली बसतो, तो तापवला की करड्या रंगाचं सच्छिद्र प्लॅटिनम उरतं. पण या वाटेवर दोन ठिकाणी काहीतरी शिल्लक राहत होतं. अम्लराजात न विरघळणारी काळी पूड, आणि प्लॅटिनम काढून घेतल्यावर उरलेलं द्रावण. दोघांनी वाटणी केली. काळी पूड टेनंटकडे गेली आणि त्याने त्यातून इरिडियम व ऑस्मियम हे दोन धातू काढले. उरलेलं द्रावण वोलॅस्टनने घेतलं.

ज्या द्रावणातून हवं ते काढून झालंय ते कुणीही ओतून दिलं असतं. वोलॅस्टनने त्यातलं विरघळलेलं सगळं धातुरूपात पुन्हा खाली बसवलं आणि त्या गाळावर निरनिराळी आम्लं चालवून बघितली. एका भागाचं नायट्रिक आम्लात गडद लाल द्रावण झालं. प्लॅटिनम एकट्या नायट्रिक आम्लाला दाद देत नाही, सोनंही देत नाही. म्हणजे हे तिसरंच काहीतरी होतं. १८०२ च्या उन्हाळ्यात त्याच्या वहीत या धातूची नोंद आहे. आधी त्याने सेरीस या नव्या लघुग्रहावरून ‘सेरेसियम’ असं नाव योजलं होतं, मग त्याच वर्षी मार्चमध्ये ओल्बर्सला सापडलेल्या पॅलसवरून ‘पॅलेडियम’ केलं.

नवा धातू सापडला तर माणूस काय करील? रॉयल सोसायटीत निबंध वाचील. वोलॅस्टन सोसायटीचा सदस्य होता, तिचं मानाचं कॉप्ली पदकही १८०२ साली त्यालाच मिळालेलं. व्यासपीठ हाताशी होतं. त्याने काय केलं? एप्रिल १८०३ मध्ये लंडनच्या जाणकारांकडे एक छापील पत्रक पोचतं केलं. वर ठळक: ‘पॅलेडियम, अर्थात नवी चांदी’. खाली गुणधर्म. शुद्ध नायट्रिक आम्लात गडद लाल द्रावण होतं. हिराकस (लोहाचं सल्फेट) घातला की त्यातून धातू खाली बसतो. साध्या विस्तवात पृष्ठभाग निळसर पडतो, आच वाढवली की पुन्हा लखलखीत. लोहाराच्या भट्टीच्या जास्तीत जास्त आचेलाही जेमतेम वितळेल, पण तापलेला असताना गंधकाचा खडा टेकवा, जस्तासारखा पाघळतो. शेवटी पत्ता: फॉर्स्टर यांचं दुकान, २६ जेरार्ड स्ट्रीट, सोहो. नमुने पाच शिलिंग, अर्धा गिनी आणि एक गिनी. शोधणाऱ्याचं नाव कुठेही नाही, धातू कशातून काढला तेही नाही.

रिचर्ड शेनेव्हिक्स नावाचा आयरिश रसायनज्ञ त्या वेळी नावाजलेला होता. त्याला ही शुद्ध भामटेगिरी वाटली. त्याने दुकानातला होता नव्हता तेवढा माल विकत घेतला, प्रयोगांवर प्रयोग केले आणि मे १८०३ मध्ये रॉयल सोसायटीपुढे निकाल मांडला: हा नवा धातू नाही, प्लॅटिनम आणि पारा यांचा मिश्रधातू आहे, दोनास एक या प्रमाणात. आपण तो स्वतः बनवला असंही त्याने सांगितलं. त्याच वर्षी कॉप्ली पदक शेनेव्हिक्सला मिळालं.

वोलॅस्टन गप्प. जर्मनीत, फ्रान्समध्ये मोठमोठ्यांनी पारा आणि प्लॅटिनम एकत्र करून पाहिलं, कुणालाच पॅलेडियम मिळेना. मग १८०३ च्या अखेरीस निकल्सनच्या विज्ञानविषयक नियतकालिकात एक निनावी पत्र झळकलं: तीन जाणकार रसायनज्ञांसमक्ष जो कुणी फक्त वीस ग्रेन (म्हणजे सव्वा ग्रॅमच्या आसपास) पॅलेडियम बनवून दाखवील त्याला वीस पौंड बक्षीस. कुणीही पुढे आलं नाही.

जून १८०४ मध्ये वोलॅस्टनने स्वतःच्या नावाने त्याच द्रावणातला आणखी एक धातू जाहीर केला, ऱ्होडियम. त्याच्या क्षारांच्या गुलाबी रंगावरून नाव. त्या निबंधात पॅलेडियमही कच्च्या प्लॅटिनामध्येच असतं हे त्याने दाखवून दिलं. आणि फेब्रुवारी १८०५ मध्ये निकल्सनला पत्र लिहून कबूल केलं की पॅलेडियम शोधणारा आणि विकायला ठेवणारा मीच.

हे सगळं त्याने का केलं? बहुतेक ठिकाणी उत्तर दिलं जातं की तो लाजाळू, अबोल, तऱ्हेवाईक होता. मला ते अजिबात पटत नाही. तारखा बघा. १८०२-०३ मध्ये प्लॅटिनमचा धंदा नुकताच उभा राहत होता. पॅलेडियम प्लॅटिनातून निघतं असं सांगितलं असतं, तर त्याच्याकडे प्लॅटिनाचा एवढा साठा आहे आणि तो त्याचं काय करतो, हे दोन्ही फुटलं असतं. बरं, गप्प बसावं तर पॅरिसमध्ये फूर्क्रुआ, व्होक्लँ आणि कोले-देस्कोतिल हे रसायनज्ञही प्लॅटिनाच्याच मागे लागलेले. श्रेय जायची भीती खरी होती. म्हणून त्याने मधली वाट काढली. धातू जगाच्या हातात दिला, तारखेनिशी. कुणीही विकत घ्यावा, तपासावा. स्वतःचं नाव आणि कच्चा माल तेवढा झाकून ठेवला. डॉक्टरकी सोडून आलेल्या, या धंद्यावर पोट असलेल्या माणसाने केलेला हा पुरता विचारपूर्वक निर्णय होता, आणि माझ्या मते न्याय्यसुद्धा.

तुम्हाला काय वाटतं?

---

कासारआळी

रसशाळाताई, फार सुंदर लिहिलंय. आमचं घर पिढ्यानपिढ्या सोन्याच्या कामातलं, त्यामुळे पत्रकातल्या हिराकसाच्या ओळीपाशी थांबलो. सोनं शुद्ध करताना अम्लराजात (आमच्याकडे नुसतं तेजाब म्हणतात) सोनं विरघळवून गाळून घेतात आणि त्यात हिराकसाचं पाणी सोडतात. पिवळंजर्द द्रावण गढूळ होतं आणि तपकिरी माती तळाशी बसू लागते. नवख्याला वाटेल बिघडलं, पण तेच सोनं. धुऊन, वाळवून मुशीत गाळलं की रंगावर येतं. प्लॅटिनम असलं तर ते हिराकसाने खाली येत नाही, द्रावणातच राहतं.

म्हणजे पत्रकातली ही एक ओळ कुठल्याही शुद्धीकरण करणाऱ्याला घरच्या घरी तपासता येण्याजोगी होती, आणि प्लॅटिनमपासून फरकही तिथेच कळत होता. फसवायला निघालेला माणूस गिऱ्हाइकाच्या हातात असली कसोटी देणार नाही. शेनेव्हिक्सने हे लक्षात घ्यायला हवं होतं.

जाता जाता: आज व्हाइट गोल्ड म्हणून जे दागिने मिळतात त्यात सोन्याला पांढरेपणा आणायला निकेल तरी घालतात नाहीतर पॅलेडियम. निकेलने काहींच्या अंगावर पुरळ उठतं, पॅलेडियमचा हा त्रास सहसा होत नाही. पण ते महाग.

---

पांथस्थ

लेख उत्तम, निष्कर्ष मान्य नाही. धंद्याचं गुपित ठेवायला कुणाची हरकत नाही. पण एक सहकारी सोसायटीपुढे उभा राहून चुकीचा निष्कर्ष मांडतोय, त्यावर स्वतःची प्रतिष्ठा पणाला लावतोय, आणि खरं उत्तर ज्याच्या खिशात आहे तो माणूस त्याच सोसायटीचा सदस्य असून दीडदोन वर्षं मूग गिळून बसतो? वर निनावी बक्षीस लावतो? शेनेव्हिक्स पुढे पॅरिसला गेला, हळूहळू रसायनशास्त्रातून बाहेर पडला आणि नाटकं वगैरे लिहू लागला. एका होतकरू माणसाची ही किंमत मला कमी वाटत नाही.

---

रसशाळा

@पांथस्थ, शेनेव्हिक्सबद्दल वाईट मलाही वाटतं. पण क्रम बघा. दुकानातला माल घेऊन, विकणाऱ्याला लबाड ठरवून महिन्याभराच्या आत जाहीर निकाल देण्याची घाई त्याची होती. आणि बक्षिसाचं पत्र हा माझ्या दृष्टीने सापळा नव्हे, इशारा होता. ‘बनवून दाखवा’ एवढंच त्यात होतं. थांबून पुन्हा प्रयोग करायला शेनेव्हिक्सकडे पूर्ण वर्ष होतं. त्याने जानेवारी १८०५ मध्येही जुनाच दावा लावून धरला, तेव्हा कुठे वोलॅस्टनने नाव उघड केलं.

तुमच्या बाजूचीही एक गोष्ट सांगायला हवी. सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांना ही लपवाछपवी रुचली नव्हती. शास्त्रज्ञांनी एकमेकांपासून गुपितं ठेवणं ही इथली रीत नव्हे, असं त्यांनी पत्रात लिहिलं होतं. म्हणजे त्या काळच्या लोकांनाही हे सरळसोट वाटलेलं नव्हतं.

---

मोजपट्टी

शेनेव्हिक्सच्या दाव्यातला सगळ्यात मोठा खड्डा घनतेचा आहे. पाण्याची घनता १ धरली तर प्लॅटिनमची सुमारे २१.४, पाऱ्याची १३.६. वजनाने दोन भाग प्लॅटिनम आणि एक भाग पारा नुसते एकत्र आले तर घनता साधारण १८ भरायला हवी. पत्रकात पॅलेडियमची घनता दिलीय ११.३, पत्रा काढल्यावर ११.८. म्हणजे मिश्रण दोन्ही घटकांपेक्षा हलकं! प्लॅटिनममध्ये पारा घालून पाऱ्यापेक्षाही हलकं काहीतरी मिळालं, यावर विश्वास ठेवायचा?

---

रसशाळा

@मोजपट्टी, ही विसंगती शेनेव्हिक्सला दिसली होती. त्याने ती लपवली नाही, उलट तोच आपला मोठा शोध आहे असं मानलं. दोन पदार्थांचा संयोग झाला की गुणधर्म किती बदलतील याला तेव्हा कुणाकडे मर्यादा नव्हती. डाल्टनचा अणुसिद्धान्त अजून छापून यायचा होता. दोन वायू मिळून पाणी होतं हे नुकतंच कळलेलं, मग दोन धातू मिळून तिसराच धातू का होऊ नये? आज आपल्याला हा खड्डा लगेच दिसतो. तेव्हा धातू हे मूलद्रव्यच असतं ही कल्पनासुद्धा पक्की व्हायची होती, आणि शेनेव्हिक्सला वाटत होतं की एका धातूचं बिंग फुटलं, आता बाकीच्यांचंही फुटेल.

---

धातुकर्मी

सगळे पॅलेडियमवर बोलताहेत, पण ज्या गुपितासाठी हे सगळं झालं त्याबद्दल लिहायलाच हवं. प्लॅटिनमचा वितळणबिंदू १७६८ अंश सेल्सियस. तेव्हाच्या भट्ट्या तिथवर जात नव्हत्या. आधीचे लोक त्यात सोमल (आर्सेनिक) घालून ते वितळवायचे आणि नंतर आच देऊन सोमल उडवायचे. विषारी धूर, आणि माल तरीही खात्रीचा नाही.

वोलॅस्टनने वितळवण्याचा नादच सोडला. नवसागराच्या साक्यापासून मिळालेलं सच्छिद्र प्लॅटिनम तो हाताने चोळून बारीक करायचा. कुटावं लागलंच तर लाकडी भांड्यात, लाकडी दांड्याने. दगडी खल नाही, लोखंडी बत्ता नाही. कारण? कठीण वस्तूने घासलं की कणांना चकाकी येते आणि चकाकी आलेले कण पुढे एकमेकांना धरत नाहीत. माझं शिक्षण पावडर मेटलर्जीतलं (धातूची पूड दाबून-तापवून वस्तू घडवण्याच्या शास्त्रातलं) आहे आणि ही सूचना मला आजही थक्क करते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक नाही, पृष्ठऊर्जा हा शब्द नाही, आणि हा माणूस कणाच्या पृष्ठभागाची एवढी काळजी घेतोय!

मग ती पूड पाण्यात धुऊन, चिखलासारखी ओली असतानाच, किंचित निमुळत्या पितळी नळीत भरायची. नळी सुमारे पावणेसात इंच लांब. ओली का, तर हवेचे बुडबुडे अडकू नयेत. आडव्या तरफेच्या दाबयंत्राने ती दाबून घट्ट गोळा करायचा. हळूहळू सुकवायचा, भट्टीत लालबुंद नव्हे, पांढराशुभ्र होईतो तापवायचा आणि उभा धरून वरून जड हातोड्याचा घाव घालायचा. आडवा ठोकला तर तडकतो. इतकं केल्यावर जो गोळा तयार होतो तो हवा तसा ठोका, पत्रा काढा, तार ओढा.

यातली एकही पायरी कुणी नुसतं ऐकून जमवू शकेल अशी नाही. पण ऐकल्यावर वर्षभरात दुसऱ्याने जमवली असती हेही तितकंच खरं. म्हणून रसशाळा यांच्याशी मी सहमत आहे. पेटंट घ्यायचं तर कृती लिहून द्यावी लागते. गुपित ठेवणं हाच त्याच्याकडचा खरा मार्ग होता.

---

ओवी

हे प्लॅटिनम घेत कोण होतं पण? दागिनेवाले?

---

धातुकर्मी

@ओवी, दागिने नव्हेत. एक मोठं गिऱ्हाईक बंदूक बनवणारे. दारू पेटवायचं जे बारीक छिद्र असतं ते लोखंडाचं असलं की झिजून मोठं होतं, प्लॅटिनमचं अस्तर दिलं की टिकतं. दुसरं गिऱ्हाईक सल्फ्युरिक आम्लाचे कारखानदार. आम्ल आटवायला काचेची भांडी वापरायचे, ती फुटायची आणि उकळतं आम्ल सांडायचं. प्लॅटिनमचा हंडा महाग, पण त्याला आम्ल काही करत नाही. शिवाय रसायनज्ञांच्या मुशी. विक्री व्हायची विल्यम केरी या उपकरणं बनवणाऱ्याच्या दुकानातून. गंमत म्हणजे पॅलेडियमला मात्र तेव्हा फारसं गिऱ्हाईक मिळालंच नाही.

---

निशाचर

आकाशनिरीक्षकांतर्फे दोन गोष्टी.

पहिली: सूर्याच्या वर्णपटातल्या काळ्या रेषा आपण फ्राउनहोफरच्या नावाने ओळखतो. त्या सर्वांत आधी पाहिल्याची नोंद वोलॅस्टनची आहे, १८०२ ची, म्हणजे पॅलेडियमच्याच वर्षाची. त्याने अरुंद फटीतून प्रकाश घेऊन लोलकातून पाहिला. काही रेषा रंगांच्या सीमा असतील असं समजून तो पुढे गेला.

दुसरी: दुर्बिणीच्या नेत्रिकेत जी बारीक उभी-आडवी तार असते, ती किती बारीक करता येईल यावर मोजणीची अचूकता ठरते. १८१३ मध्ये त्याने युक्ती काढली. चांदीच्या कांडीच्या मधोमध प्लॅटिनमची तार बसवायची, दोन्ही मिळून जंत्रातून (तार ओढायच्या भोकांच्या पट्टीतून) ओढत ओढत बारीक करायची, आणि शेवटी चांदी नायट्रिक आम्लात विरघळवून टाकायची. आत उरते ती एका मायक्रॉनच्या आसपासची प्लॅटिनमची तार. तिला आजही वोलॅस्टन तार म्हणतात.

---

लेणीवेडा

या माणसाचा आपल्या लेण्यांशी संबंध आहे हे इथे किती जणांना माहीत आहे? कॅमेरा ल्युसिडा हे त्याचं उपकरण, १८०६ चं पेटंट. कागदावर दांडीने उभा केलेला छोटासा चार बाजूंचा लोलक. वरून डोळा लावला की समोरचं दृश्य कागदावर पडल्यासारखं दिसतं आणि त्याच वेळी पेन्सिलीचं टोकही दिसतं. रेषा गिरवत जायचं. अंधारी खोली लागत नाही, खिशात मावतं.

जेम्स फर्ग्युसन यांनी १८३५ नंतर भारतभर हिंडून अजिंठा, वेरूळ, कार्ले आणि इतर लेण्यांची जी रेखाटनं केली ती याच उपकरणाने. (पुण्यातल्या कॉलेजचं नाव ज्यांच्यावरून आहे ते फर्ग्युसन वेगळे, ते मुंबई इलाख्याचे गव्हर्नर.) त्यांचा कोरीव लेण्यांवरचा चित्रसंग्रह १८४५ मध्ये निघाला. छायाचित्रण लेण्यांपर्यंत पोचायच्या आधी स्तंभ, कमानी, चैत्यगृहाचा खोलवर जाणारा देखावा बिनचूक उतरवायला याहून चांगलं साधन नव्हतं.

---

नेत्रतज्ज्ञा

मी डोळ्यांची डॉक्टर. आमच्याकडे वोलॅस्टन वेगळ्याच कारणाने शिकवतात.

एकदा त्याला अचानक दिसणाऱ्या प्रत्येक गोष्टीचा अर्धा भाग दिसेनासा झाला. एका दारावर ‘जॉन्सन’ हे नाव होतं, त्याला नुसतं ‘सन’ दिसलं. डावीकडचं गायब. एक डोळा झाकून पाहावं तर तोच प्रकार, दुसरा झाकावा तरी तोच. थोड्या वेळाने सगळं पूर्ववत. पुन्हा एकदा अनेक वर्षांनी असंच झालं, त्या वेळी दुसरी बाजू.

दुसरा माणूस घाबरून गेला असता. याने विचार केला: ज्या अर्थी दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूचं जातं, त्या अर्थी दोन्ही डोळ्यांच्या त्या-त्या अर्ध्या भागांतल्या नसा पुढे कुठेतरी एकत्र येत असल्या पाहिजेत. म्हणजे प्रत्येक डोळ्याची नस अर्धीच पलीकडे जात असणार, उरलेली अर्धी आपल्याच बाजूला राहत असणार. १८२४ मध्ये त्याने हे रॉयल सोसायटीपुढे मांडलं. मेंदू न उघडता, स्वतःच्या लक्षणांवरून! आजही पेशंटला दोन्ही डोळ्यांनी एकाच बाजूचं दिसत नसेल तर आम्ही दोष डोळ्यात शोधत नाही, मेंदूचा स्कॅन करायला पाठवतो. त्यामागचं तर्कशास्त्र हेच.

१८२८ मध्ये मेंदूतल्या गाठीनेच तो गेला, २२ डिसेंबरला. मरणोत्तर तपासणीत गाठ मोठी निघाली. शेवटच्या घटकेची एक आठवण त्याच्या समकालीनांनी नोंदवली आहे. बाजूला कुणीतरी म्हणालं, आता यांना शुद्ध नाही. त्याने खुणेने कागद-पेन्सिल मागितली, काही आकडे लिहिले, बेरीज केली. बेरीज बरोबर होती.

---

पांथस्थ

नेत्रतज्ज्ञाताई, हे माहीत नव्हतं. धन्यवाद.

पण गुपितांचा मुद्दा सोडवत नाही. १८२१ चं फॅरडे प्रकरण? तारेतून वीज वाहत असताना ती चुंबकाजवळ फिरवता येईल ही कल्पना वोलॅस्टनची, त्याने डेव्हीच्या प्रयोगशाळेत करूनही पाहिलं होतं, जमलं नाही. सप्टेंबरमध्ये फॅरडेने वेगळ्या रचनेने तार चुंबकाभोवती फिरवून दाखवली आणि वोलॅस्टनचं नाव न घेता छापली. फॅरडेवर चोरीचा आळ आला. तेव्हाही वोलॅस्टनने जाहीरपणे एक शब्द बोलून त्या तरुणाला सोडवलं नाही.

---

रसशाळा

@पांथस्थ, छापून काही बोलला नाही हे खरं. पण फॅरडे स्वतः त्याला जाऊन भेटला, आणि वोलॅस्टन फॅरडेचा प्रयोग बघायला आला. त्याला स्वतःची तार स्वतःच्या अक्षाभोवती फिरायला हवी होती, फॅरडेची तार चुंबकाभोवती प्रदक्षिणा घालत होती. दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे त्याला कळलं. आणि १८२३ मध्ये फॅरडेला रॉयल सोसायटीचा सदस्य करावं असा प्रस्ताव आला, डेव्हीने विरोध केला, तेव्हा त्या प्रस्तावावर पहिली सही वोलॅस्टनची होती. सगळ्या सोसायटीला वाचता येईल अशा ठिकाणी. मला त्यात पुरेसं उत्तर दिसतं.

---

कासारआळी

आणि मूळ गुपिताचं काय झालं? प्लॅटिनमची कृती तो बरोबर घेऊन गेला का?

---

रसशाळा

नाही, आणि हे मी लेखातच लिहायला हवं होतं इतकं महत्त्वाचं आहे. १८२० च्या सुमारास दक्षिण अमेरिकेतल्या स्वातंत्र्ययुद्धांमुळे कच्चा माल येणं बंद झालं आणि धंदा आटोपला. १८२८ मध्ये आपण फार दिवसांचे सोबती नाही हे कळल्यावर त्याने निबंध लिहवून घेतला. नोव्हेंबरमध्ये तो रॉयल सोसायटीत वाचला गेला. धातुकर्मींनी वर दिलेली कृती तिथूनच आपल्यापर्यंत आली आहे. लाकडी भांडं, ओली पूड, पितळी नळी, उभा घाव, सगळं. काहीही हातचं राखलेलं नाही. त्यानंतर महिन्याभरात तो गेला.

पैशांतला काही भाग त्याने संशोधनासाठी दिला. रॉयल सोसायटीला दोन हजार पौंड, जिऑलॉजिकल सोसायटीला एक हजार. त्या हजारातून निघालेलं वोलॅस्टन पदक १८३१ मध्ये पहिल्यांदा दिलं गेलं ते विल्यम स्मिथला, ज्याने इंग्लंडचा भूशास्त्रीय नकाशा एकट्याने तयार केला. सुरुवातीला ते सोन्याचं असायचं, आता पॅलेडियमचं असतं.

---

मोजपट्टी

पांथस्थ आणि रसशाळा, दोघांचंही वाचून माझं मत असं: गुपित ठेवलं ते ठीक, निनावी पत्रक ठीक, बक्षीसही ठीक. शेनेव्हिक्सला मात्र त्याने एकदा खाजगीत गाठून सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर गुपित फुटलं असतं असं मला वाटत नाही.

---

पांथस्थ

+१. इथवर मी येऊ शकतो. ताई, टेनंटवर वेगळा धागा काढा. हिरा जाळून बघणारा माणूस आहे तो.

---

रसशाळा

काढते. त्याचं आयुष्य लहान आहे. १८१५ मध्ये फ्रान्समध्ये बुलोन्यजवळ पूल कोसळून गेला, तेव्हा केंब्रिजला प्राध्यापक होऊन दोन वर्षंही झाली नव्हती. ऑस्मियमच्या वासापासून सुरुवात करावी असा विचार आहे. कासारआळीदादा, सोनं गाळताना इरिडियमचे कण अडचणीचे ठरतात असं ऐकलंय, त्याबद्दल तिथे तुम्हीच लिहा.

---

कासारआळी

लिहितो. ते कण विरघळत नाहीत आणि वितळतही नाहीत, मुशीच्या तळाशी बसून राहतात. पॉलिश करताना चाकाला लागले की दागिन्यावर ओरखडा उठतो. वडिलांना विचारून सविस्तर टाकतो.